बोगद्यापुढचा तुकडा

मंगळवार, ७ जानेवारी

दीपेशनं ट्रान्सपोर्टवाल्याकडून फुकट आलेली डायरी माझ्यापुढे टाकली. म्हणाला, "बाबा, मनातलं ह्यात लिहा, आईचं डोकं खाऊ नका." पोरगा आहे का सासरा, कळत नाही. कागद बरा आहे, पण रेघा फार फिकट छापल्यात. फुकट ते फुकटच.

मनातलं म्हणजे गाडीचं. आज पुन्हा बोगद्यापुढे थांबली.

नूर मोहम्मद आणि मी शाळेपासूनचे. त्याच्या कापडाच्या लूमच्या शेडवर माळा आहे. शेड भाड्यानं दिलीय, माळा आमच्या दोघांचा. तिथं प्लायवूडच्या टेबलावर आम्ही छोटी रेल्वे मांडलीय, भिवंडी ते गणेशपुरी. अशी रेल्वे जगात नाही. आठवीत असताना शाळा बुडवून गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. परतीची शेवटची एसटी चुकली आणि दोघं स्टँडच्या बाकावर रडकुंडीला येऊन बसलो. तेव्हा नूर म्हणाला होता, "काळू, इथं रेल्वे पाहिजे होती." म्हातारपणी त्यानं ती स्वतःच आणली. डोंगर, झाडं, घरं, माणसं त्याची. वीज माझी. अर्ध्या भिवंडीच्या लूमच्या मोटरी मी जोडल्यात. बारा व्होल्टचं खेळणं मला काय नाचवणार, असं वाटायचं. नाचवतंय.

इंजिन बोगद्यातून बाहेर येतं, वीतभर चालतं आणि मरतं. बोटानं ढकललं की पुढे जातं. रुळाला मीटर लावला तर बारा पूर्ण दाखवतो. वीज आहे आणि गाडी नाही, हे गणित काही सुटेना. मीटरचे आकडेसुद्धा हल्ली बारीक करायला लागलेत कंपन्या.

त्यात नूरच्या मुलानं, एजाजनं, शेड विकायला काढलीय. रमजानच्या आधी माळा रिकामा करायचा. मग रेल्वे कुठं जाणार? कशेळीच्या माझ्या गोदामामागची खोली मी झाडून, रंग देऊन ठेवलीय. नूर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मीही विचारणार नाही. असल्या गोष्टी विचाराव्या लागल्या तर मग दोस्ती कसली.

शुक्रवार, १० जानेवारी

नूरनं जुम्म्याच्या नमाजानंतर एक माणूस आणला. मुबश्शिर. नूरची बायको माजिदाभाभी, तिच्या मावसभावाचा जावई. नातं सांगेपर्यंत चहा निवला. चाळिशीचा असेल. मोठ्या गोदामात खोके वाहणारे पट्टे असतात, त्यांची पॅनलं बघतो. खांद्याला काळी पिशवी, आत हत्यारं.

नूर त्याला म्हणाला, "हे काळूराम. आमचे चीफ इंजिनियर."

तो म्हणाला, "सलाम चाचा. लय ऐकलंय तुमच्याबद्दल."

काय ऐकलंय ते नाही सांगितलं. मग त्यानं कंट्रोलरचा खटका फिरवला आणि गाडी निघाली. बोगद्यातून आली, ती थेट गणेशपुरी. परत भिवंडी. परत गणेशपुरी. एकदाही थांबली नाही. मी म्हटलं, "बोगद्यापुढे थांबते ती." तर म्हणतो, "आज तो नहीं रुकी, चाचा."

आज तो नहीं रुकी. घरी येईपर्यंत हेच चघळत होतो. नूरच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी इतक्या दिवसांत एकदाही आणू शकलो नाही. मला वाईट वाटलं म्हणणं खोटं होईल. माझा जळफळाट झाला.

राहीबाईनं ताट वाढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सवत आणल्यावाणी त्वांड का केलाय?" बायकोला कधी काय दिसेल सांगता येत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

आज थांबली. बोगद्यापुढे, त्याच जागी. रूळ स्पिरिटनं पुसले. चाकं पुसली. कापसाची लव निघाली, पण ती इथं भाकरीवरही निघते. तरी थांबली.

नूर बघत होता. मी खालून एक वायर ओढली तर तो पटकन म्हणाला, "काळू, ती तपकिरी हाय. तुला लाल पाहिजे ना?" मला माहीत होतं. माळ्यावरचा दिवाच मंद झालाय, लाल काय, तपकिरी काय. मग म्हणाला, "राहू दे. शुक्रवारी मुबश्शिर येईल."

मी स्पिरिटची बाटली टेबलावर अशी आपटली की निम्मं सांडलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. राहीबाईनं केलेले तिळाचे लाडू घेऊन गेलो. छत्री कॉलरला मागे अडकवून निघालो तर राहीबाई दारातून म्हणते, "थंडीत छत्री? पावसाला आवतान देताव काय?" माझी छत्री माझ्या पाठीवर असते, पोरपणापासून. ऊन लागतं. हल्ली तर उन्हात समोरचं पांढरंफेक दिसतं सगळं.

नूरनं लाडू खाल्ला. म्हणाला, "आता गोड बोलायचं तुझ्यावर आलं." मी म्हटलं, "गोडच बोलतोय." मग नूरनंच डब्यातले दोन लाडू कागदात बांधून फळीवर ठेवले. मुबश्शिरसाठी. माझ्या बायकोचे लाडू, माझ्या डब्यातले.

लाईट गेली. लूम बंद, गाडी बंद, आमची तोंडं बंद. पूर्वी लाईट गेली की आम्ही बोलत सुटायचो.

शुक्रवार, १७ जानेवारी

आजही धावली. त्याचं नाव घेतलं तरी धावते बहुतेक.

मुबश्शिर भिवंडी स्टेशनाकडून टेबलाखाली शिरला आणि किती वेळ बाहेर येईना. मी माझ्या स्टुलावर, बोगद्यापाशी. ती माझी जागा, तिथनं सगळ्या वायरी हाताखाली येतात. त्याला येऊ दे काय करायचं ते, मी माझं स्टूल सोडणार नाही. दोनदा म्हणाला, "चाचा, जरा बाजूला होता का?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात." नूरनं मला खाली टपरीवर चहा आणायला पाठवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "आज कुणाची टपरी उघडी असते रे शुक्रवारी?"

मग नूरला विचारलं, हा खाली काय करतोय. म्हणाला, "धूळ पुसतोय."

सोल्डरचा वास येत होता. वायरमनला सोल्डरचा वास कळत नाही काय? नूर माझ्याशी खोटं बोलला. आठवीपासून आजवर तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. निदान मला पकडता आलं नव्हतं.

सोमवार, २० जानेवारी

विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली. शुक्रवारी धावते, शनिवारी मरते. म्हणजे जाताना हा काहीतरी सैल करून जातो. म्हणजे मी आठवडाभर झक मारायची आणि शुक्रवारी यानं येऊन टाळ्या घ्यायच्या. रेल्वे आपल्या घरी नेण्याचा डाव आहे. आयत्या बिळावर नागोबा.

राहीबाईला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "त्या मानसाला दुसरा धंदा न्हाय काय?" मग म्हणाली, "डोळं दाखवा आधी. काल जिन्याची शेवटची पायरी चुकलाव, पडला असताव." विषय काय, ही बोलते काय.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजचं लिहू नये असं वाटतंय.

गाडी धावली, ते सोडा. मी स्टुलावर बसून गणेशपुरी स्टेशनाकडे बघत होतो. तिथं फलाटावर नूरनं एक बाक केलाय, काड्यापेटीच्या काड्यांचा. त्यावर दोन माणसं बसलीत, नखाएवढी. अगदी नाक टेकवून बघितलं तेव्हा दिसली. एकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका. म्हणजे टोपी, म्हणजे नूर. दुसऱ्याच्या पाठीवर काळं काहीतरी.

नूरला विचारलं, "हे दोघं कोण?"

तो हसला. "ओळख."

ओळखलं मी. काळी पिशवी भिवंडीत एकाच्याच खांद्याला असते, आणि तो तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर टेबलाखाली पडला होता. त्या बाकावर एसटी चुकवून कोण बसलं होतं? रडलं कोण? आपल्या डब्यातली उरलेली भाकरी अर्धी कुणी दिली? आणि बाकावर बसवलं कुणाला, तर मावसभावाच्या जावयाला.

घरी येताना कशेळीच्या रस्त्यावर समोरच्या ट्रकचे दिवे फुटून पसरत होते. डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल.

बुधवार, २९ जानेवारी

आज अक्षर रेघेवर राहत नाही. पण लिहितोच.

नूर एजाजबरोबर कागदपत्रांच्या कामाला गेला होता. मी एकटाच माळ्यावर. इंजिन नेहमीच्या जागी मरून पडलेलं. तेवढ्यात लाईट गेली. एरवी मी हात जोडून बसलो असतो. पण दीपेशच्या स्कूटरची जुनी बॅटरी कालच आणून ठेवली होती, कंट्रोलरमध्ये बिघाड आहे का ते बघायला. म्हटलं, आताच लावू. लावली.

गाडी निघाली. बोगद्यातून बाहेर आली आणि गेली. गणेशपुरी. भिवंडी. पुन्हा गणेशपुरी. माझ्या हातानं. शुक्रवार नसताना, मुबश्शिर नसताना. मी एकटा म्हातारा टाळ्या वाजवत होतो.

मग लाईट आली. खाली एकेक करत लूम सुरू झाले, टेबल पायातून गुणगुणायला लागलं आणि बोगद्यापुढे गाडी मेली.

लूम. शुक्रवारी गल्लीतले लूम बंद असतात. लाईट गेली की बंद असतात, पण तेव्हा गाडीही बंद, म्हणून कधी कळलंच नाही. जन्म या खटखटीत गेला. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणतो, केवढा हा आवाज. आम्ही म्हणतो, कुठला? काखेत कळसा आणि मी सगळ्या गावाला वळसा घातला.

म्हणजे त्याच्या हातात काही जादू नाही. जादू सुट्टीची आहे. टेबल हादरतं आणि कुठला तरी जोड उघडतो. मीटर लावताना गाडीचा भार नसतो म्हणून बारा दाखवतो. जोड सैल. त्यानं खाली शिरून केलेलाच असणार एखादा.

आज पोटभर जेवलो. राहीबाई म्हणाली, "सवत मेली काय?"

शुक्रवार, ३१ जानेवारी

गप्प बसलो. गाडी धावली. मी म्हटलं, "वा मुबश्शिर, काय हात आहे तुझा." नूरनं माझ्याकडं चमकून बघितलं. जाताना जिन्यात मुबश्शिरला गाठलं. विचारलं, "सोमवारी सुट्टी टाकशील? नूरनं बोलावलंय." तो लगेच हो म्हणाला.

नूरनं बोलावलं नव्हतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मुबश्शिर आला. खाली लूम जोरात. नूर त्याला बघून म्हणाला, "तू आज कसा?"

मी म्हटलं, "मी बोलावलं. चालव रे गाडी." गेले चार दिवस मी हे वाक्य घोळवत होतो.

बोगद्यातून बाहेर आली, वीतभर गेली आणि मेली. मी म्हटलं, "काय झालं? आज तो रुक गई?"

मुबश्शिरनं खटका बंद केला. खाली मान घालून उभा राहिला, आणि नूरकडं बघितलं. त्या बघण्यात लाज होती, पण ती स्वतःची नव्हती. ते मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

नूर म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

मी सगळं सांगितलं. शुक्रवार, लूम, बॅटरी. वाटलं, नूर चाट पडेल. तो म्हणाला, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं ते. मी लूमवाला हाय काळू. माझं टेबल कधी हादरतं मला म्हाईत न्हाय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू विचारलं असतंस, सैल जोड कुणाचा."

"ह्याचा," मी म्हटलं.

नूर म्हणाला, "हात घाल खाली. बघू नको. फक्त हात लाव."

मी स्टुलावरून वाकून हात घातला. भिवंडीकडून सुरुवात केली. पहिला जोड गुळगुळीत, साबुदाण्यासारखा. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, सगळे. मी सोल्डर केलं तरुणपणी तर असे जोड यायचे. मग बोगद्याखाली आलो, माझ्या स्टुलासमोर, आणि बोटाला खडबडीत ढेकूळ लागलं. त्याच्या शेजारी आणखी एक. वायर ढेकळात हलत होती. कथील वायरला लागलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं.

हे दोन माझे होते. बाकीचे जे गुळगुळीत होते, तेही आधी माझेच असणार.

मुबश्शिर हळूच म्हणाला, "चाचा, एवढे दोनच राहिलेत. तुम्ही उठत नव्हता ना."

मी छत्री घेतली आणि जिना उतरलो. एक पायरी चुकली. तो मागून धावत आला, धरलं त्यानं. मी हात झटकला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गेलो नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गेलो नाही. राहीबाईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "त्यांना दिसला, मला दिसला, दीपेशला दिसला. तुम्हालाच दिसला न्हाय." आणि मग पदरानं डोळे पुसले. तिच्या रडण्यानं मी घाबरलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नूर कशेळीला आला. रिक्षा करून, एकटा. गोदामामागच्या खोलीत गेला, भिंती बघितल्या. म्हणाला, "रंग चांगला दिलास. कोपरा राहिलाय तेवढा." मला राहिलेला दिसला नव्हता.

मी म्हटलं, "रेल्वे त्याच्याकडं ने. तो चांगला कारागीर आहे." मला हे बोलताना किती त्रास झाला ते माझं मला माहीत.

नूर म्हणाला, "त्याच्याकडं? दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, टेबल काय छतावर टांगू? अरे, रेल्वे इथंच यायची. पहिल्यापासून. पण इथं तू एकटा. बाहेर दिवसभर कंटेनर जाणार, जमीन हादरणार, जोड सुटणार. तू खाली शिरणार आणि लाल समजून तपकिरी धरणार. मी बसलोय भिवंडीत. म्हणून म्हटलं, आधी एकूण एक जोड पक्का करून घ्यायचा, मग गाडी काळूच्या घरी पाठवायची. पोरीचं लग्न करून देताना बघतोच ना आपण?"

"मला सांगायचं होतंस, डोळे गेलेत म्हणून."

"सांगितलं असतं तर तू सोल्डर खाली ठेवला असतास. पुन्हा हातात घेतला असतास काय?"

राहीबाईनं चहा आणला. नूर तिला म्हणाला, "भाभी, डॉक्टरची तारीख घेतलीय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असणार, माझ्या वडलांना असंच झालं होतं. ह्याला विचारू नका, न्या फक्त." दोघांनी परस्पर ठरवलेलं दिसतंय. मला वाटायचं माझ्या पाठीमागे एकच कट चाललाय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गेलो. माळ्यावर चढलो आणि स्टूल उचलून भिंतीला लावलं. मुबश्शिर टेबलाखाली गेला. दोन जोडांना किती वेळ लागतो? मी टॉर्च धरून उभा होतो. त्याला म्हटलं, "सोमवारी तुझी रोजी बुडाली." तो आतून म्हणाला, "चाचा, उजेड थोडा डावीकडं." माझी माफी ती एवढीच; त्यानं उजेड मागितला आणि मी दिला.

शनिवारी लूम सुरू असताना गाडी चालवायची ठरलंय. खरं सांगू, थोडं वाटत होतं थांबावी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

थांबली नाही. बरं वाटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. डावा पुढच्या महिन्यात. दीपेशला ड्युटी, म्हणून घरी मुबश्शिरच्या गाडीतून आलो. पुढं मुबश्शिर चालवायला, त्याच्या शेजारी नूर, दोघं गप्पा मारतायत. मी मागे, काळा चष्मा लावून, राहीबाईच्या पिशव्यांच्या शेजारी. नूर एकदा तरी मागे बसेल असं वाटलं होतं. बसला नाही.

डायरीच्या रेघा निळ्या आहेत. चांगल्या ठळक.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रेल्वे कशेळीला आली. टेम्पोतून तीन तुकडे करून. मुबश्शिर, एजाज आणि दीपेश यांनी उतरवली. नूर नुसता ओरडत होता, "डोंगराला हात लावू नका." जोडणी मी केली. लाल लाल होती आणि तपकिरी तपकिरी.

गाडी सोडली. बाहेरून कंटेनर गेला, खिडकीची काच थरथरली. बोगद्यातून गाडी आली आणि गेली.

मी तिच्या मागे मागे टेबलाभोवती फिरत गणेशपुरीला पोचलो, आणि थांबलो. बाकावर ते दोघं बसले होते. एक टोपीवाला. दुसऱ्याच्या पाठीवरची ती काळी पिशवी नव्हती. कॉलरला मागे अडकवलेली छत्री होती. मूठ वाकडी, बरोबर माझ्यासारखी. त्याच्या हातात नूरनं पिवळसर रंगाचा एक तुकडासुद्धा दिला होता. अर्धी भाकरी.

मी नूरला विचारलं, "कधी बसवलंस ह्यांना?"

"दिवाळीला. तू रोज त्यांच्यासमोर बसून वायरी जोडत होतास. मी वाट बघत होतो कधी बोलतोस."

दिवाळीला मुबश्शिरचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

चष्मा काढला, पुसला, परत लावला. डॉक्टरनं डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. नूरनं खिशातला रुमाल काढून दिला आणि दुसरीकडं बघत राहिला.

मुबश्शिर मागून वाकून बघत होता. म्हणाला, "चाचा, मला कुठं बसवणार?"

मी म्हटलं, "बाकावर जागा नाही."

बोलून गेलो. तो हसला, पण मला रात्रभर डाचेल हे. भिवंडीच्या टोकाला सिग्नलची केबिन रिकामी आहे. नूरला सांगून तिथं एक माणूस उभा करायला हवा, खांद्याला काळी पिशवी देऊन. बाक मात्र दोघांचाच राहील.